शेपूटकाकांचा डावा पाय

शेपूटकाका गेल्या थंडीत गेले. हृदयानं दगा दिला, पायाचा त्यात काही दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे शेवटी तो पायच नडला का?" नाही. पाय शेवटपर्यंत होता. दोन बोटं कमी, पण होता. तो कसा राहिला तेच मला सांगायचं आहे, आणि तो जवळजवळ गेला त्यात माझा वाटा किती, तेही.

मी नर्स आहे. वर्षभर वॉर्डात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे डोंगराच्या पायथ्याशी भरणाऱ्या एका शिबिरात. चौदा ते सतरा वयाची मुलं तिथं येतात. इथं मुलांमधले नेतृत्वगुण वाढवले जातात, असं पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक कोण लिहितं देव जाणे. आम्हाला वाढलेली दिसतात ती आधी नखं, मग केस, आणि फारच नशीब असेल तर थोडी अक्कल. शेवटचे दहा दिवस मोहीम असते. नऊ मुलं आणि दोन मोठी माणसं पाठीवर सगळा संसार घेऊन डोंगरातल्या वरच्या तळ्यापर्यंत जातात आणि परत येतात. त्या दोन मोठ्यांतली एक मी, दुसरे काका.

ते कायम रांगेत सगळ्यात मागे चालायचे, म्हणून मुलांनी त्यांना शेपूट केलं. पहिल्याच वर्षी कुणा आगाऊ पोरानं ठेवलेलं नाव, पण काकांनी ते असं काही अंगावर घेतलं की पुढं त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंनाही, भाजीवाला "शेपूटकाकू" म्हणायला लागला. काकूंना ते अजिबात आवडायचं नाही, आणि काकांनी त्यांचं ऐकून तेवढ्यासाठी भाजीवाला बदलला.

एरवी ते चपला-बूट दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. आत शिरताना डोकं वाकवायचं आणि बसल्यावर गुडघे सांभाळायचे. समोर बूट उलटा अडकवायचा लोखंडी पाय, उजव्या हाताला आरी आणि रापी, खिडकीच्या कठड्यावर मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडाळी आणि सोल्युशनचा डबा, ज्याचं झाकण कधीच नीट लागायचं नाही. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जोड, प्रत्येकाला चिठ्ठी. गिऱ्हाईक बोलायला लागायच्या आत ते बूट उलटा करून तळवा बघायचे आणि माणूस सांगायचे. "ह्यांना जिना उतरायची घाई असते." "ह्या बाई उभ्यानं काम करतात, आणि उजव्या पायावर जास्त." माझे वॉर्डातले बूट पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा म्हणाले होते, "सिस्टर, जरा बसत जा." चिठ्ठीवरही त्यांनी माझ्या नावाच्या जागी तेवढंच लिहिलं.

शिबिरात ते आले ते मुलांचे बूट शिवायला, एका उन्हाळ्यापुरते. त्या वर्षी मोहिमेचा माणूस आजारी पडला, कोणीच मिळेना, म्हणून यांना पाठवलं. पुढची अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या कोणाला पाठवायची वेळच आली नाही.

त्यांची नेतृत्व शिकवण्याची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. रोज एक मूल लीडर. नकाशा त्याच्या हातात, वाट त्यानं ठरवायची, मुक्काम त्यानं निवडायचा. काका मागे, तोंडाला कुलूप. गळ्यात एक पत्र्याची शिट्टी. ती वाजली की त्या दिवसाच्या लीडरचा हुकूम संपला आणि काकांचा सुरू झाला. अठ्ठावीस वर्षांत ती दोनदा वाजली, दोन्ही वेळा पाण्याच्या काठावर, आणि दोन्ही वेळा ती वाजली म्हणून कोणाचं तरी लेकरू सुखरूप घरी गेलं. बाकी वेळ काका गप्प. मुलं चुकली तर काकाही मागोमाग चुकायचे. एका हुशार पोरानं आम्हाला अख्खा दिवस एका टेकडीभोवती फिरवून संध्याकाळी सकाळच्याच चुलीपाशी आणून ठेवलं होतं. पोरगं रडकुंडीला आलं. काका त्या गार राखेकडे बघून म्हणाले, "बरं झालं, आता परत चूल मांडायला नको."

नियम तीनच होते. मोहिमेच्या पहिल्या सकाळी ते स्वतः सांगायचे आणि सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. गट फुटणार नाही. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. आणि सकाळ-संध्याकाळ लीडरनं सगळ्यांचे पाय बघायचे, अनवाणी, बोटांच्या मधूनसुद्धा. "डोंगरात माणूस डोक्यानं मरत नाही, पायानं मरतो," असं ते म्हणायचे. पंधरा वर्षांची मुलं एकमेकांची घामट पावलं मांडीवर घेऊन फोड शोधतायत, नाक मुरडतायत, पण शोधतायत, हे दृश्य मी दर वर्षी बघायची. आणि दर वर्षी मला वाटायचं की लीडर म्हणजे काय, ते ह्यांना आत्ता ह्या क्षणी कळतंय.

ही फेरी संपायची माझ्यापाशी. मी बूट काढून पाय पुढे करायची. मग लीडर काकांकडे बघायचा. ते बाजूला दगडावर बसून कुणाच्या तरी पिशवीचा पट्टा शिवत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "माझे चामड्याचे आहेत. ते दुकानात बघायचे." सगळे हसायचे. मीही हसायची. अठ्ठावीस वर्षं तोच विनोद आणि तेच हसू.

माझी चूक ती हीच. मुलांना वाटायचं, काकांचे पाय सिस्टर बघत असणार. मला वाटायचं, ज्या माणसानं पाय बघायचा नियम केला तो स्वतःचे बघतच असणार. त्यांना साखरेचा त्रास सुरू झाल्याचं मला माहीत होतं. गोळ्या वेळेवर घेता का, हे मी विचारायची. पाय विचारले नाहीत. वॉर्डात दिवसाला दहा जणांचे पाय मी त्या रोगापायी तपासते, तळव्याला बोट लावून "कळतंय का?" विचारते. ह्या माणसाला विचारायला मला संकोच वाटला. संकोच कसला, ते मी आजही धड सांगू शकत नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी शिबिराच्या समितीनं ठरवलं की काकांची ही शेवटची मोहीम. वय झालं होतं. पत्र आलं ते त्यांनी दुकानात भिंतीवर, टांगलेल्या जोडांच्या मधे, त्याच खिळ्यांपैकी एकाला लावून टाकलं.  निघायच्या आदल्या आठवड्यात नऊ मुलांचे अठरा बूट त्यांनी एकेक तपासले, सोल दाबून बघितले, आत हात घालून कुठं खिळा टोचतोय का ते चाचपलं. स्वतःच्या बुटांना नवीन टाच मारली ती सगळ्यात शेवटी, निघायच्या सकाळी, घाईत. त्यांत हात घालायचा राहिला.

त्या गटात एक मुलगी होती. मुलं तिला कुजबुज म्हणायची. पंधरा वर्षांची, लहानखुरी, आणि आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही "काय?" विचारावं लागायचं. शिबिरात पहिल्यांदा लीडर झाली तेव्हा ती प्रत्येकापाशी जाऊन, कानाशी वाकून, एकेकाला वेगळं सांगत होती की आता उठायचं आहे. नवव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला परत आडवा झालेला. मी काकांना म्हटलं, "हिचं काही खरं नाही." ते म्हणाले, "सिस्टर, ती पोरगी बघते. बोलायचं काय, येईल नाहीतर नाही येणार. बघणं आलेलं आहे." खरंच, दुपारच्या विश्रांतीत ती त्यांच्याजवळ बसून असायची आणि ते तिला ओल्या मातीतले ठसे दाखवायचे. कोण थकलंय, कोणाची पिशवी एका बाजूला ओढतेय, हे ठशावरून कसं कळतं ते सांगायचे. ती विचारायची ते मला ऐकू यायचं नाही, पण काकांची उत्तरं लांब असायची.

सहाव्या दिवशी नकाशा तिच्याकडे होता. तळं दोन दिवसांवर राहिलं होतं. सकाळी दोन ओढे मिळतात तिथं आम्ही पोचलो. उजव्या ओढ्याच्या कडेनं जायचं, ती डाव्याच्या कडेनं निघाली. काकांना ते तेव्हाच कळलं होतं. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते वाकून नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती. सांगायचा मोह झाला की ते असंच काहीतरी काम काढायचे.

सव्वा तास आम्ही चाललो. मग दरी अरुंद होत गेली आणि समोर सरळ उभा कडा. मुलं बसली. उंच पोरानं, जो सगळ्यांत जोरात बोलायचा, नकाशा तिच्या हातातून घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "अगं, हे सकाळीच दिसत होतं की." ती लाल झाली. म्हणाली, "माझी चूक. परत जायचं." ह्या वेळी सगळ्यांना ऐकू आलं, कारण सगळे गप्प होते.

आता ही साधी गोष्ट आहे, पण तिच्यावर सगळं अडलं, म्हणून नीट सांगते. काका कायम शेवटी चालायचे. त्यांच्या मागे कधीच कोणी नसायचं. ते लंगडले तर बघायला डोळे नव्हते, आणि त्यांचे ठसे सगळ्यांच्या ठशांवर उमटायचे, जिथं परत कोणी जाणार नसायचं. त्या दिवशी आम्ही त्याच वाटेनं उलटे निघालो. काका बाजूला झाले, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि परत शेवटी उभे राहिले. सगळ्यात पुढे कुजबुज; मुलांत सगळ्यात हळू तीच चालायची. ओढ्याकाठच्या चिकणमातीपाशी ती थांबली. खाली बसली. रांग तिच्या मागे अडली. मला वाटलं, पोरगी खचली, रडणार आता. ती रडत नव्हती. थोडं पुढे जाऊन परत बसली. मग उठली आणि चालू लागली.

मी तिथून गेले तेव्हा मीही पाहिलं. उजवा ठसा पूर्ण. डावा फक्त टाच आणि बाहेरची कड, पुढचा अर्धा भाग नाहीच. शेजारी काठीचा खड्डा, खोल. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, दमले असतील. तीस वर्षं नर्सचं काम केलेली मी, आणि मनात हे म्हटलं.

त्या दिवशी मुक्काम लवकर झाला. ऊन अजून होतं. मुलं रेनकोट अंथरून गोल बसली, बूट निघाले, तो ओळखीचा वास पसरला. कुजबुज एकेकाचे पाय बघत आली. उंच पोराच्या टाचेवर लाल डाग होता, तिथं तिनं पट्टी लावली. माझे पाहिले. मग ती उठली आणि काकांसमोर जाऊन उभी राहिली. ते दगडावर बसून पट्टा शिवत होते.

"काका, पाय."

"माझे चामड्याचे आहेत," काका म्हणाले. "ते दुकानात बघायचे."

मुलं हसली. ती हसली नाही. तिथंच उभी राहिली.

"डावा दाखवा."

काकांनी मान वर केली. "बाळ, मी ह्या डोंगरात अठ्ठावीस वर्षं येतोय."

"आज लीडर मी आहे." आवाज तोच, बारीक, मोठा अजिबात नाही. पण आता कोणीच हलत नव्हतं, म्हणून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "तुम्हीच आमच्याकडून म्हणवून घेतलंत. सगळ्यांचे पाय. तुम्ही सगळ्यांचे म्हणालात. तुमचे सोडून, असं नाही म्हणालात."

काकांचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. मी ते पाहिलं, मुलांनीही पाहिलं. ती वाजली असती तर विषय तिथंच संपला असता. खरं सांगू का? मला त्या क्षणी वाटलं, वाजवावी. वाजली तर मलाही तो पाय बघावा लागणार नाही. इतकं भित्रं मी माझं मन एरवी कधी पाहिलेलं नाही.

शिट्टी वाजली नाही. काकांनी सुई पट्ट्यात खोचली, पट्टा खाली ठेवला आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला घेतली. मोजा निघेना. तो चिकटला होता. मग मी धावले.

अंगठ्याच्या खाली, तळव्याला, शर्टाच्या गुंडीएवढं भोक होतं. कड काळी. पाऊल सुजलेलं, लाली घोट्याच्या वर चढलेली. वास आला तेव्हा दोन मुलं उठून लांब गेली. बुटात वर आलेला खिळा त्यांनी तिसऱ्याच दिवशी पकडीनं उपटून टाकला होता. मोज्यावर रक्त दिसलं, तेव्हा कळलं. त्याआधी दोन दिवस तो टोचत होता आणि कळलं नव्हतं. वर एक चिकटपट्टी लावली आणि चालत राहिले. माझी औषधांची पेटी रोज त्यांच्यापासून दहा पावलांवर होती.

"दुखत नाही हो, सिस्टर," ते म्हणाले.

"दुखत नाही तेच तर!" मी ओरडले. मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले, आणि तेसुद्धा माझी चूक त्यांच्या माथी मारायला.

जखम धुऊन बांधून झाली. मग काका शांतपणे, जणू बुटाचं काम कधी होईल ते सांगावं तसं, म्हणाले, "परवा तळं. दोन दिवसांचा प्रश्न आहे. उतरल्यावर सिस्टर काय ते करतील."

मुलं कुजबुजकडे बघायला लागली. तळ्यासाठी त्यांनी सहा आठवडे काढले होते. उंच पोरगा म्हणाला, "एवढं जवळ आलोय. काका स्वतः म्हणतायत ना?"

तिनं मला विचारलं, "सिस्टर, दोन दिवस गेले तर?"

"पाय जाऊ शकतो," मी म्हटलं. "विष रक्तात गेलं तर माणूसही."

तिनं नकाशाची घडी घातली. मग म्हणाली, "उद्या सकाळी परत. खालच्या वनचौकीपर्यंत."

"मी इथं थांबतो," काका म्हणाले. "सिस्टर आहेत. तुम्ही तळं बघून या."

"गट फुटत नाही," ती म्हणाली.

तेव्हा काकांचा आवाज चढला. आम्ही तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "पोरी, ही माझी शेवटची आहे! कळतंय का तुला? शेवटची!"

ती रडायला लागली. पण रडत रडतच म्हणाली, "हो. माहीत आहे. सकाळी सहाला निघायचं."

मला कोणी विचारेल की तिच्याऐवजी तूच का नाही हुकूम सोडलास, मोठी होतीस, नर्स होतीस. सोडला असता. पण माझा हुकूम त्यांनी उडवून लावला असता, कसा, तेही मला माहीत आहे. एखादा विनोद केला असता, मी हसले असते. त्या मुलीपुढे त्यांना पळायला वाट नव्हती. ती त्यांच्याच नियमांवर उभी होती, आणि ते तिला खोटं पाडायला निघाले असते तर अठ्ठावीस वर्षं खोटी पडली असती.

सकाळी नकाशा उंच पोराकडे जायचा होता, त्याची पाळी होती. त्यानं तो न उघडताच तिच्या हातात परत दिला. "आजही तूच," म्हणाला. काकांच्या पिशवीतलं सामान मुलांनी आपसात वाटून घेतलं होतं. भांडी एकाकडे, दोरी दुसऱ्याकडे. त्यांची आरी-दोऱ्याची लहान डबी सगळ्यात छोट्या मुलानं मागून घेतली. उचलून न्यायचं म्हटलं तर त्या दगडांवरून मुलंच घसरली असती, म्हणून मी पुढचा तळवा टेकणार नाही असं जाड बांधून दिलं. दोन काठ्या आणि टाच, एवढ्यावर ते उभे राहिले.

रांग लागली. काका सवयीनं मागे जाऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही पुढे," कुजबुज म्हणाली.

ते हलले नाहीत.

"सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे," छोटा मुलगा म्हणाला. उद्धटपणे नाही, पाठ केलेलं म्हणावं तसं. मग दुसरा म्हणाला. मग सगळेच म्हणाले, पहिल्या सकाळी त्यांनी म्हणवून घेतलं होतं तसं.

काका त्या नऊ मुलांच्या शेजारून एकेक काठी टेकत पुढे गेले. इतक्या वर्षांत मी त्यांची पाठ कधी पाहिली नव्हती. कायम चेहराच पाहिला होता, मागे वळून. पाठ लहान होती. शर्टाला कॉलरखाली शिवण घातलेली होती, स्वतःच्याच हातची, बुटाला घालतात तसल्या जाड दोऱ्याची. मला रडू आवरेना. मी त्यांच्या लगेच मागे होते. मला बघायला कोणी नव्हतं हे बरं झालं.

कुजबुज नकाशा घेऊन शेवटी गेली. चार तासांची वाट. आम्ही साडेआठ तास चाललो. कोणी कुरकुर केली नाही. पण काका दर दहा पावलांनी मान वळवायचे. मागे नऊ डोकी आहेत ना, ते मोजायचे. त्यांना ती सवय मोडता येत नव्हती. मान वळली की काठी चुकायची, एकदा तर टाच घसरून ते खाली बसले. मी म्हटलं, बघू नका. परत वळले. खिंडीजवळ वाट एका बाजूनं तुटलेली आहे, तिथंही त्यांची मान वळली, तोल गेला आणि मी त्यांचा शर्ट धरला.

तेव्हा मागून आवाज आला. मी आधी ओळखलाच नाही. तो पूर्ण रांग ओलांडून, माझ्या डोक्यावरून, समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला.

"काका, पुढे बघा! मागे मी आहे!"

काका थांबले. पाठ आमच्याकडेच होती. त्यांनी दोन्ही काठ्या नीट रोवल्या. मग चालायला लागले, आणि वनचौकीपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. चौकी दिसल्यावर एवढंच विचारलं, हळू, मलाच ऐकू जाईल असं, "सिस्टर, नऊ आहेत ना?"

"नऊ आहेत," मी म्हटलं.

दवाखान्यात अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. सर्जन म्हणाला, अजून दोन दिवस गेले असते तर गुडघ्याखालून. काकूंनी हे ऐकलं आणि त्या मुलीचं नाव-गाव विचारून घेतलं. काकांनी मात्र त्या मुलीबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिनं दोन पत्रं पाठवली, उत्तर गेलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "मोहीम मोडली माझी." मला राग आला. म्हटलं, "पाय वाचवला तुमचा." ते म्हणाले, "ते मला कळतं, सिस्टर. कळतं म्हणून राग जातो का?" माणूस खरं बोलला की भांडताही येत नाही.

तळं त्यांनी परत कधी पाहिलं नाही. दुकान मात्र सुरू झालं. समितीचं पत्र भिंतीवरून कधी गेलं ते मला आठवत नाही. त्याच खिळ्याला आता कुणाच्या तरी सँडल लटकत होत्या.

दोन वर्षांनी एका दुपारी मी वॉर्डातले बूट घेऊन तिथं बसले होते. डोकं वाकवून एक मुलगी आत आली. सतरा वर्षांची, तरी लहानखुरीच. हातात डोंगरात घालायचे बूट. काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही, बूट घेतले, उलटे केले, तळव्यावर अंगठा फिरवला.

"तू मागे चालायला लागलीस का?" त्यांनी विचारलं. "सारखं थांबायचं, वाट बघायची. टाच तशी झिजलीय."

"हो. ह्या वर्षीपासून मदतनीस आहे," ती म्हणाली. आवाज परत तोच, कुजबुजता. "काका, तुम्ही रागावलाय अजून?"

त्यांनी बूट लोखंडी पायावर अडकवला, टाच काढली, नवीन कापली, ठोकली. मग बूट हातात घेऊन आत हात घातला आणि चाचपत राहिले. पुढपासून मागपर्यंत, कडेकडेनं, परत एकदा. फार वेळ लावला. दुसऱ्या बुटालाही तेवढाच. दोन्ही जोडीनं खाली ठेवले आणि त्यांनी पायानंच स्टूल तिच्याकडे सरकवलं.

ती बसली. तिनं पाय मागायच्या आतच काकांनी चप्पल काढली, डावा मोजा काढला आणि पाय तिच्या पुढ्यात ठेवला.

तिनं तो मांडीवर घेतला. उरलेल्या तीन बोटांच्या मधून पाहिलं, तळवा उजेडाकडे वळवून पाहिला, टाचेवर बोट दाबून पाहिलं. काका खिडकीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आता उजवा."

काकांनी उजवा मोजाही काढला.